विशिखानुप्रवेशाच्या उंबरठ्यावर

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय 'विशिखानुप्रवेशनीय' या नावाने आपणा सर्वांना परिचित आहे. विशिखा म्हणजे मार्ग. अध्ययन पूर्ण झालेल्या वैद्याने गुरुगृहाबाहेर पडून लोकांच्या वाटेवर केव्हा आणि कसे उतरावे, याचा विचार तेथे केला आहे. शास्त्राचे पठन झालेले असावे, त्याचा अर्थ मनन करून जाणलेला असावा, कर्म डोळ्यांनी पाहिलेले असावे, स्वतःच्या हातांनी त्याचा सराव केलेला असावा आणि एवढे सारे झाल्यावर राजाची अनुज्ञा घ्यावी, असा तो क्रम आहे. नखे-केस नीटनेटके ठेवावेत, वस्त्र शुभ्र असावे, वेष उद्धट नसावा, अशा बारीकसारीक सूचनाही ग्रंथकाराने विसरलेल्या नाहीत. विद्यार्थिदशेत लघूत्तरी प्रश्नासाठी हा अध्याय आपण सर्वांनी पाठ केला. परीक्षा संपली आणि अध्यायही वहीत मिटून राहिला. आज तो पुन्हा उघडण्याची वेळ आली आहे, आणि ती विद्यार्थ्यांपेक्षा आपल्यावर अधिक आली आहे, असे या लेखकाचे नम्र मत आहे.

आपल्या जिल्ह्यातील आणि नागपूरच्या आयुर्वेद महाविद्यालयांत शिकणारी गोंदियाची मुले-मुली दरवर्षी पदवीच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहतात. साडेचार वर्षांचे अध्ययन, त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता आणि मग नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी. घरात पेढे वाटले जातात, गावात फलक लागतो. त्यानंतर काय होते, हे आपण सारेच पाहतो. विदर्भ एक्सप्रेस मुंबईकडे आणि महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरकडे आपल्याच स्थानकावरून सुटते. यांपैकी एका गाडीत आपला नवा वैद्य बसतो आणि दूरच्या एखाद्या शहरातील खासगी रुग्णालयात रात्रपाळीचा निवासी डॉक्टर म्हणून रुजू होतो. सलाईन लावणे, रक्तदाब लिहिणे, वरिष्ठांना दूरध्वनी करणे यांत दोन-चार वर्षे सरतात. संहिता माळ्यावर जातात. परत येतो तेव्हा तो नावाने वैद्य असतो, पण क्वाथाची मात्रा सांगताना त्याची जीभ अडखळते.

यात त्या मुलांना दोष देणे सोपे आहे. आपल्या सभांतून तो दिलाही जातो. परंतु या मुलांना आपण दुसरी कोणती वाट दाखवली, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

एका चुकीची कथा

येथे एक स्वानुभव सांगणे आवश्यक वाटते. गोष्ट १९९९ पूर्वीची, म्हणजे गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा होण्याआधीची आहे. तेव्हा आपण सारे भंडारा जिल्ह्यातच होतो. मी नवा पदवीधर होतो आणि सालेकसा भागातील एका खेड्यात नुकताच दवाखाना मांडला होता. नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याची आई पाठीवर घेऊन आली. हातापायांचे सांधे दुखत होते, अंगात बारीक ज्वर होता, डोळे किंचित पिवळे, त्वचा निस्तेज. मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, सांधे चाचपले आणि मोठ्या आत्मविश्वासाने आमवात व पांडु असे निदान केले. आमवात म्हणून लंघन सांगितले, पाणी बेताने द्या म्हणालो, वाळूचा रूक्ष शेक सुरू केला. पांडु म्हणून लोहकल्प दिला. पुस्तकाबाहेरचे एकही अक्षर मी लिहिले नव्हते. तिसऱ्या दिवशी मुलाच्या वेदना इतक्या वाढल्या की त्याचे रडणेही थांबले.

सुदैवाने जवळच्या गावी एक वयोवृद्ध वैद्य होते. त्यांच्याकडे मी मुलाला घेऊन गेलो. त्यांनी नाडीला हातही लावला नाही. आधी आईला विचारले, "बाई, याच्या भावंडांपैकी आणखी कुणाला असं होतं का? लहानपणी कुणी गेलं का?" आई म्हणाली, थोरली मुलगी सहाव्या वर्षी गेली, तिचेही हातपाय असेच दुखत, पोट फुगे. वैद्यराजांनी माझ्याकडे पाहिले. ते रागावले नाहीत. मुलाला भरपूर पाणी व पेज पाजायला सांगितले, अंगावर घोंगडी घातली, माझे लंघन आणि माझा लोहकल्प दोन्ही बंद केले आणि त्याच रात्री त्याला नागपूरला पाठवले. रक्ततपासणीत सिकलसेल निघाला. मूल वाचले. ते वाचले, यात माझे श्रेय काहीही नाही.

सिकलसेलच्या रुग्णास उपाशी ठेवणे आणि पाणी तोडणे म्हणजे वेदनेच्या झटक्याला आमंत्रण देणे, आणि लोहाची कमतरता तपासून सिद्ध झाल्याशिवाय त्याला लोह देत राहणे म्हणजे शरीरात नको ते साठवणे, हे आज कोणीही सांगेल. मला ते त्या दिवशी कळले. परंतु त्याहूनही मोठा धडा निराळा होता. विशिखानुप्रवेशनीय अध्यायातच रोगज्ञानाचे सहा उपाय सांगितले आहेत: पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा प्रश्न. मी पाच वापरले आणि सहावा विसरलो. तो मला वर्गात शिकवला गेला नव्हता असे नाही. तो विचारताना मी कोणाला पाहिले नव्हते, एवढेच. वृद्ध वैद्याच्या ओसरीवर मी आधी तीन महिने बसलो असतो, तर ते मूल तीन दिवस तळमळले नसते.

आंतरवासिता: एक वर्षाचा हिशेब

म्हणूनच माझ्या मते पदवीपूर्व शिक्षणातील सर्वांत मोलाचे वर्ष शेवटचे आहे. दुर्दैवाने सर्वाधिक वाया जाणारे वर्षही तेच. अनेक विद्यार्थी हे वर्ष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीत घालवतात, काही जण घरी असतात, आणि उपस्थितीच्या वहीत मात्र रोजची सही असते. अशा सह्यांना संमती देणारे हात कधी महाविद्यालयांतील असतात, कधी दवाखान्यांतील असतात. त्यांत आपल्यापैकी काहींचेही हात असतील, तर ते मान्य करण्याचा मोकळेपणा आपण दाखवला पाहिजे. ज्या विद्यार्थ्याला आपण न आलेल्या दिवसाची सही देतो, त्याच्यावर आपण उपकार करत नाही. त्याच्या पहिल्या शंभर रुग्णांवर आपण अन्याय करतो.

एव्हाना काळही बदलला आहे. १९७० च्या कायद्याने स्थापन झालेली केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषद आता अस्तित्वात नाही. २०२० च्या कायद्यान्वये तिच्या जागी भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग आला आणि जून २०२१ पासून त्याचे काम सुरू झाले. आयोगाच्या नव्या नियमांनुसार पदवी अभ्यासक्रम प्रत्येकी अठरा महिन्यांच्या तीन व्यावसायिक टप्प्यांत विभागला गेला आहे व त्यानंतर बारा महिन्यांची आंतरवासिता आहे. याच कायद्यात व्यवसायाची परवानगी मिळण्यासाठी राष्ट्रीय निर्गम परीक्षेची तरतूद आहे, आणि २०२१-२२ व त्यानंतर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांना ती लागू होईल, असे केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२४ मध्ये जाहीर केले. सुश्रुतांनी सांगितलेली राजानुज्ञा ती हीच, असे म्हटले तरी चालेल.

या परीक्षेचे विद्यार्थ्यांना भय वाटते आणि पालकांना चिंता. मला तिचे स्वागत करावेसे वाटते. परंतु त्याला एक अट आहे. परीक्षा रुग्णाभोवती फिरणारी असेल, तर तिची तयारी रुग्णाशेजारीच व्हायला हवी. ती केवळ पर्यायांवर खुणा करण्याची परीक्षा झाली, तर शिकवणीवर्गांना आणखी एक बाजारपेठ मिळेल आणि आंतरवासितेचे वर्ष आणखी पोकळ होईल. ती कोणत्या दिशेने जाईल, हे दिल्लीत ठरेल. आपला विद्यार्थी कोणत्या दिशेने जाईल, हे मात्र गोंदियात ठरू शकते.

विद्यार्थ्यांशी चार शब्द

पदवीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करावे, अशी विनंती महाविद्यालयांकडून आपल्याला अधूनमधून येते. अशा वेळी आपण बहुधा आयुर्वेदाच्या थोरवीवर भाषण करतो. थोरवी त्यांना ठाऊक असते. त्यांना वाटा ठाऊक नसतात. त्या नेमकेपणाने सांगितल्या पाहिजेत.

पहिली वाट उच्च शिक्षणाची. एम.डी. आणि एम.एस. या तीन वर्षांच्या पदव्यांसाठी अखिल भारतीय आयुष पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ज्याला अध्यापन, संशोधन अथवा शल्य-शालाक्यासारखे विशेष क्षेत्र निवडायचे आहे, त्याने ती जरूर द्यावी. मात्र विषय निवडताना, मिळाला म्हणून घेतला, असे करू नये. तीन वर्षे नावडत्या विषयात घालवलेला पदव्युत्तर वैद्य पुढे ना त्या विषयाचा राहतो, ना सामान्य चिकित्सेचा.

दुसरी वाट सार्वजनिक आरोग्यसेवेची. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणी पथके आयुष डॉक्टरांवरच उभी आहेत. २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांत बी.ए.एम.एस. पदवीधर मोठ्या संख्येने काम करतात. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही आपल्या पदवीधरांना संधी मिळाली आहे. यातील बहुतेक पदे कंत्राटी आहेत, मानधनाच्या व स्थैर्याच्या तक्रारी रास्त आहेत, आणि त्या मांडणे हे आपल्या संघटनेचे काम आहे. तरीही एक गोष्ट विद्यार्थ्याला सांगावीशी वाटते. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखाद्या उपकेंद्रावर घालवलेली दोन वर्षे शहरातील रात्रपाळीच्या पाच वर्षांपेक्षा अधिक शिकवतात. तेथे निर्णय तुमचा असतो आणि रुग्ण उद्याही तुम्हाला रस्त्यात भेटणार असतो.

तिसरी वाट स्वतंत्र व्यवसायाची. ती धरणाऱ्याने कायद्याची बाजू आधी पक्की करावी. आंतरवासितेपूर्वी तात्पुरती नोंदणी, ती संपल्यावर १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकव्यवसायी अधिनियमान्वये महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे कायम नोंदणी, आणि पुढे तिचे वेळेवर नूतनीकरण. आपल्या जिल्ह्याच्या सीमेला एकीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट आणि दुसरीकडे छत्तीसगड आहे. नातेसंबंध पलीकडे, बाजार पलीकडे, म्हणून दवाखानाही पलीकडे, असे सहज घडते. परंतु आधुनिक औषधे वापरण्याची मुभा ही त्या-त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते, हे सर्वोच्च न्यायालयाने मुख्तियार चंद प्रकरणात १९९८ मध्येच स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात जे चालते ते नदीपलीकडेही चालेल, असे गृहीत धरू नये. तेथील परिषदेकडे आधी चौकशी करावी, मगच फलक लावावा. आणि जेथे मुभा आहे तेथेही मुभा म्हणजे प्रावीण्य नव्हे, हे ध्यानात ठेवावे. प्रतिजैविकाचे नाव ठाऊक असणे वेगळे आणि ते केव्हा देऊ नये हे ठाऊक असणे वेगळे.

कोणतीही वाट धरा, पण या मातीतील रोग ओळखायला शिका, एवढे सर्वांनाच सांगायचे आहे. आपला जिल्हा भाताचा आणि जंगलाचा आहे. पावसाळ्यात बांधावर सर्पदंश होतो. अंगणात जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते, खूण दिसत नाही, वेदना नसते, आणि पहाटे पोटदुखी व जड झालेल्या पापण्या घेऊन तो आपल्या दारी येतो. त्याला अजीर्णाचे चूर्ण देणारा हात घातकी ठरतो. तेथे प्रतिसर्पविष आणि रुग्णालय हीच चिकित्सा. जंगलपट्ट्यातील ज्वर हिवतापाची तपासणी झाल्याशिवाय केवळ आमज्वर म्हणू नये. आणि सांधेदुखी, पांडुत्व व कामला हे तिन्ही एकत्र दिसले की सिकलसेलची तपासणी आधी. विद्राव्यता चाचणी ही प्राथमिक तपासणी होय. तिच्या पुढे इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी तपासणीने वाहक कोण आणि रुग्ण कोण हे निश्चित होते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाने २०४७ हे उद्दिष्टवर्ष ठरवले आहे. त्या उद्दिष्टापर्यंत जाणारा रस्ता खेड्यातील वैद्याच्या दारावरूनच जातो. विवाहापूर्वी दोन्ही घरांना तपासणी करून घ्या म्हणून समजावणे हे काम ज्याच्यावर गावाचा विश्वास आहे तोच करू शकतो. यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. साध्यासाध्यविवेक हा आपल्याच शास्त्राचा पाया आहे.

औषधशाळेचे दार

आता औषधनिर्माते आणि विक्रेते बंधूंकडे वळतो. आपण वारंवार तक्रार करतो की भरड काढ्याला गिऱ्हाईक राहिले नाही, काष्ठौषधींच्या बरण्यांवर धूळ बसते, नवे वैद्य केवळ बड्या कंपन्यांच्या गोळ्या आणि सिरप लिहितात. तक्रार खरी आहे. पण ज्या मुलाने साडेचार वर्षांत खलाचा आवाज फार थोडा ऐकला, मंदाग्नीवर आटणारा काढा दोन-चारदा पाहिला, त्याने भरड कशी लिहावी? जे हाताला ठाऊक नाही ते लेखणीतून उतरत नाही. मग कंपनीचा प्रतिनिधी येतो, चकचकीत पत्रक ठेवून जातो, आणि नवा वैद्य तेच लिहितो.

आपला प्रदेश तर औषधींचे माहेरघर. गोंदिया हे नाव डिंकावरून पडले, असे जुनी माणसे सांगतात. हिरडा, बेहडा, आवळा, मोह, पळस, बिजा, कुडा, बेल, चारोळी हे सारे नागझिरा आणि नवेगावच्या पट्ट्यात आपल्या डोळ्यांसमोर वाढते. तरीही अर्जुन आणि ऐन यांच्या साली शेजारी ठेवल्या तर किती पदवीधर अचूक ओळखतील? उभ्या झाडावर दोघांत घोटाळा होण्याचे कारण नाही. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट करडी, पापुद्र्यांनी सुटणारी, तर ऐनाची काळपट, मगरीच्या पाठीसारखी खवल्यांची. परंतु तुकडे होऊन पोत्यात आल्यावर डोळा सरावलेला नसेल तर हृद्रोगाच्या रुग्णाला आपण काय देतो आहोत, हे देणाऱ्यालाही कळत नाही.

भिलाव्याचेच घ्या. आपल्या जंगलात तो विपुल. त्याचे तेल अंगाला लागले की काय होते हे येथील पोरालाही ठाऊक. विटेच्या चुऱ्यात घोळून त्याची शुद्धी करताना विद्यार्थ्याने एकदा जरी पाहिले, तरी 'अशुद्ध भल्लातक' या शब्दाचे भय त्याला आयुष्यभर पुरेल. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये भल्लातक, वत्सनाभ, कुचला, धत्तूर, गुंजा, जयपाल यांसारखी विषद्रव्ये नोंदलेली आहेत आणि ती असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना बंधनकारक आहे. ही सूचना कोठे छापलेली असते, ती नसेल तर काय समजावे, गट क्रमांक आणि उत्पादन परवाना क्रमांक कसे पाहावेत, औषध कोणत्या तारखेपर्यंत वापरावे, हे शिकण्याची जागा तुमचे दुकान आहे. अनुसूची टी मधील उत्तम निर्मितिपद्धती म्हणजे काय, हे शिकण्याची जागा तुमची औषधशाळा आहे.

आणखी एक तरतूद नव्या पदवीधरांना ठाऊक नसते. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमात नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी स्वतः औषध तयार करण्यास उत्पादन परवान्याच्या अटीतून सूट दिलेली आहे. ही सूट म्हणजे आपल्या परंपरेचा कायद्याने राखलेला मान आहे. ती बाजारात विकण्यासाठी नाही, दुसऱ्याच्या रुग्णासाठी नाही, आणि पुडीत गुपचूप स्टिरॉइड मिसळण्यासाठी तर मुळीच नाही. अशा पुड्यांनी गुडघे चार दिवस हलके होतात आणि आयुर्वेदाचे नाव चाळीस वर्षे जड होते. आपल्यातील कोणी असे करत असेल, तर विद्यार्थ्याला त्याच्या दारी पाठवू नये, आणि संघटनेनेही त्याला पाठीशी घालू नये.

कच्च्या मालाच्या बाबतीतही नव्या पिढीचा उपयोग होईल. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. हिरडा-बेहडा-आवळा कोणत्या महिन्यात, किती पक्व झाल्यावर तोडावा, कसा वाळवावा, हे द्रव्यगुणविज्ञान शिकलेला विद्यार्थी ग्रामसभेला सांगू शकतो आणि ग्रामसभेतील वडीलधारी माणसे त्याला झाड दाखवू शकतात. औषधनिर्मात्याला खात्रीचा माल मिळेल, गोळा करणाऱ्याला रास्त दाम मिळेल, आणि विद्यार्थ्याला द्रव्याची ओळख होईल. मधले चार हात कमी झाले, तर भेसळीची चार ठिकाणेही कमी होतात.

एक वैद्य, एक विद्यार्थी

आता माझी सूचना मांडतो. ती फार मोठी नाही. जिल्ह्यात आठ तालुके आहेत: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव. प्रत्येक तालुक्यातून किमान पाच अनुभवी वैद्यांनी आणि एका औषधालयाने आपली नावे संघटनेकडे द्यावीत. शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याने सुट्यांत, व आंतरवासिताधारकाने महाविद्यालयाच्या अनुमतीने व नियमांच्या चौकटीत, अशा एका वैद्याकडे सलग काही आठवडे बसावे आणि पंधरा दिवस औषधालयात काढावेत. विद्यार्थ्याने पन्नास रुग्णांची टिपणे स्वतःच्या हाताने लिहावीत: प्रश्न काय विचारले, निदान काय झाले, काय दिले, पुन्हा आल्यावर काय आढळले. रुग्णाचे नाव त्यात लिहू नये. वैद्याने शेवटी ती टिपणे वाचून सही करावी. विद्यार्थी जितके दिवस आला तितक्याच दिवसांची सही द्यावी. एक दिवसही अधिक नको.

यावर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. वेळ नाही, असे काही जण म्हणतील. रुग्ण तपासताना शेजारी एक खुर्ची ठेवायला वेळ लागत नाही. विद्यार्थी येणारच नाहीत, असे इतर म्हणतील. सगळे येणार नाहीत, हे खरे. चाळीस वैद्यांकडे पहिल्या वर्षी दहा आले तरी पुरे. आणि एक आक्षेप कोणी उघड बोलणार नाही, पण मनात असेल: आज शेजारी बसवलेला मुलगा उद्या समोरच्या गाळ्यात दवाखाना थाटेल. थाटू द्या. आपल्या पिढीतील किती दवाखान्यांना वारस नाही, किती वैद्यांची मुले अभियंते होऊन पुण्या-बंगळुरास गेली, ते मोजून पाहा. समोरच्या गाळ्यात एक जाणता वैद्य बसणे परवडते. तो गाळा रिकामा राहिला, तर तेथे पदवी नसलेला कोणीतरी बसतो.

आपल्या मनातील आणखी एक संकोच दूर केला पाहिजे. विद्यार्थ्याला शेजारी बसवले की आपलीही परीक्षा होते. तो विचारतो, हे का दिले? त्यावर, आजवर देत आलो म्हणून, असे उत्तर देता येत नाही. पुन्हा ग्रंथ उघडावा लागतो, कधी रक्ताचा अहवाल वाचायला शिकावे लागते. चरकाचार्यांनी विमानस्थानात शिष्याने आचार्याची परीक्षा करावी असे सांगितले आहे, आणि आचार्याने शिष्याची. ही दुहेरी परीक्षा आपल्या परंपरेला नवी नाही. आपणच ती टाळत आलो आहोत.

एकच पंख असलेला पक्षी उडू शकत नाही, तद्वत केवळ शास्त्र जाणणारा अथवा केवळ कर्म जाणणारा वैद्य अपुरा, असा सुश्रुतांचा दृष्टांत आहे. महाविद्यालय एक पंख देते. दुसरा पंख देण्याचे काम ओसरीचे, दवाखान्याचे, औषधशाळेचे आहे. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे गंभीर रुग्णाला आता रात्रीच्या रात्री नागपूर गाठण्याची वेळ पूर्वीइतकी येत नाही. परंतु रुग्ण गंभीर आहे हे गावात ओळखणारा कोणीतरी लागतोच. तो कोणी एक आपल्या शेजारच्या खुर्चीवर तयार व्हावा, एवढीच इच्छा आहे.

त्या वृद्ध वैद्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. त्या रात्री त्यांनी मला एवढेच सांगितले होते की उद्यापासून सकाळी येत जा. मी गेलो, दीड वर्ष गेलो. त्यांनी माझ्याकडून कसलीही दक्षिणा घेतली नाही. ते ऋण अद्याप फिटलेले नाही, म्हणून तालुक्याच्या यादीत पहिले नाव मी माझे देत आहे. पुढील त्रैमासिक अंकापूर्वी उरलेली नावे यावीत, अशी सर्व वैद्यबंधू-भगिनींना आणि औषधविक्रेत्यांना विनंती आहे.